धरमकाट्याच्या सेटिंग्ज कुठे ठेवाव्यात? एका जिनिंगमधील प्रकरण अभ्यास

हिंगणघाटहून वडकीमार्गे पांढरकवड्याकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या एका खासगी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हे प्रकरण घडले. कापसाच्या हंगामात तिथे सकाळपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मेटाडोर आणि अधूनमधून बैलबंड्यांचीही रांग लागते. फाटकाशी धरमकाटा, म्हणजे अख्खी गाडी तोलणारा मोठा काटा, आहे, काट्याच्या खोलीत एक जुना विंडोज संगणक आहे आणि त्यावर वजनाचे सॉफ्टवेअर चालते. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, त्यावरून निघणारा निव्वळ कापूस, आर्द्रतेपोटी वजनातून होणारी वजावट म्हणजे कडता, त्या दिवशीचा भाव आणि शेवटी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघणारी पावती, असा त्याचा क्रम. हीच पावती घेऊन शेतकरी चुकाऱ्यासाठी ऑफिसच्या खिडकीशी जातो. सॉफ्टवेअर ज्याने लिहिले तो तरुण पुढे पुण्याला नोकरीला गेला. त्यानंतरची देखभाल माझ्याकडे आली आणि तिच्यातच हा प्रश्न समोर आला.

डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी पावती निघत असतानाच लाईन गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच बसली होती, त्यामुळे संगणक त्याच क्षणी बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा सुरू झाला तेव्हा स्क्रीनवर वजनच येईना. काट्यावरच्या मुलाला हा प्रकार ठाऊक होता. त्याने सेटिंगच्या पडद्यावर जाऊन काट्याची तार संगणकाला जिथे जोडते तो पोर्ट ‘कॉम १’ वरून ‘कॉम ४’ केला, माहिती येण्याचा वेग बदलला, वजन दिसू लागले आणि गाड्या आत येऊ लागल्या. दुपारी ऑफिसचा हिशेब पाहणाऱ्या दिवाणजींच्या हातात एक पावती आली, तिच्यावर डिसेंबरची तारीख आणि क्रमांक ३७ होता. ३७ क्रमांकाची पावती त्यांच्या फाइलमध्ये हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच लावलेली होती. सकाळपासूनच्या साऱ्या पावत्या चाळल्यावर दुसरी गोष्टही उघड झाली, की एकाही पावतीवर आर्द्रतेचा कडता धरलेला नव्हता.

कडत्याचा हिशेब समजल्याशिवाय या दुसऱ्या गोष्टीचे गांभीर्य कळत नाही. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाच्या खरेदीत आर्द्रतेसाठी ८ ते १२ टक्क्यांची मर्यादा पाळते. ८ टक्क्यांच्या वर भाव कमी होतो आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतलाच जात नाही. खासगी जिनिंगचे नियम ज्याचे त्याचे असतात. या जिनिंगमध्ये ८ टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला वजनातून एक टक्का वजा होतो. म्हणजे २२ क्विंटल ४० किलो कापूस ११ टक्के आर्द्रतेचा निघाला, तर ६७ किलो २०० ग्रॅम कडता पडतो, आणि क्विंटलला ७००० रुपये भाव धरला तर एकाच ट्रॉलीमागे ४७०४ रुपयांचा फरक येतो. त्या दिवशी नुकसान जिनिंगचे झाले. मालकांनी ज्यांचे चुकारे झाले होते त्यांच्याकडून काहीही परत न मागण्याचे ठरवले, आणि ते शहाणपणाचे होते, कारण कापसाच्या गावात ‘काटा मारतात’ हा एकदा पसरलेला शब्द पुढचे चार हंगाम पुसला जात नाही. फरक उलट्या बाजूने पडला असता तर प्रकरण दिवाणजींच्या टेबलावर मिटले नसते, हेही उघड आहे.

सुरुवातीच्या तपासात एका गोष्टीने सर्वांनाच चकवले. दिवाणजींनी काट्याच्याच संगणकावर स्वतःच्या लॉगिनने सॉफ्टवेअर उघडून पाहिले, तर सेटिंगच्या पडद्यावर कडता अगदी बरोबर, एक टक्का, दिसत होता. काट्यावरच्या मुलाच्या लॉगिनमध्ये तोच आकडा शून्य होता. त्यामुळे काही काळ संशय त्या मुलावर गेला आणि त्याने शून्य मुद्दाम टाकले असावे असे एक-दोघे बोलूनही गेले. वास्तविक दोष विंडोजच्या एका जुन्या सोयीत होता, त्याचे स्पष्टीकरण पुढे येईल.

फाइलमध्ये काय होते

सॉफ्टवेअरची माहिती दोन ठिकाणी साठत होती. पावत्या ‘डी’ ड्राइव्हवरच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये होत्या, तर सेटिंग्ज मात्र ‘सी’ ड्राइव्हवर, सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये, एका साध्या आयएनआय फाइलमध्ये, म्हणजे ओळीओळीने सेटिंगचे नाव आणि मूल्य लिहिलेल्या मजकूर फाइलमध्ये. लाईन गेली त्या क्षणी दोन्हींवर लिहिणे चालू होते. डेटाबेस तपासला तेव्हा ‘इंटिग्रिटी चेक’चे उत्तर ‘ओके’ आले आणि आदल्या संध्याकाळी कागदावर उतरलेली शेवटची पावतीही त्यात होती. आयएनआय फाइलची गत वेगळी होती. मुलाने सकाळी नव्याने जतन करण्यापूर्वी सॉफ्टवेअरने जुनी फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवली होती, एवढे त्याने बरे केले होते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर कोरी दिसे, पण फोल्डरमध्ये तिचा आकार पूर्वीइतकाच होता. फाइलमधला प्रत्येक बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पाहिल्यावर पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत नुसती शून्ये निघाली.

आकार जसाच्या तसा आणि मजकूर नाही, ही विंडोजच्या एनटीएफएस फाइलप्रणालीवरची ओळखीची खूण आहे. एनटीएफएस स्वतःच्या नोंदी, म्हणजे फाइलचे नाव, आकार आणि जागा, जर्नल नावाच्या रोजनिशीत लिहून सांभाळते. फाइलच्या आतल्या मजकुराला ते संरक्षण नसते. सॉफ्टवेअरने फाइल पुन्हा लिहायला घेतली, नवा आकार नोंदला गेला, पण मजकूर अजून मेमरीतच असताना वीज गेली, तर पुन्हा सुरू झाल्यावर फाइलप्रणाली स्वतः धडधाकट असते आणि फाइलच्या पोटात शून्ये असतात. डिस्क खराब नव्हती, व्हायरस नव्हता, कुणी काही पुसलेही नव्हते.

मग प्रश्न उरतो, की हंगामात एकदाच बदलणाऱ्या सेटिंग्जची फाइल नेमकी त्या क्षणी कशासाठी लिहिली जात होती? त्याचे उत्तर फाइलमधल्या एका ओळीत होते: ‘पुढील पावती क्रमांक’. प्रत्येक पावतीनंतर हा आकडा एकाने वाढवून सॉफ्टवेअर पूर्ण आयएनआय फाइल नव्याने लिहीत असे. पोर्ट, वेग, कडता, हमाली, प्रिंटरचा समास, जिनिंगचे नाव-पत्ता हे सारे स्थिर मजकूर दर गाडीमागे एकदा पुसले आणि पुन्हा लिहिले जात होते. माझ्या मते प्रकरणाचे मूळ इथे आहे. आयएनआय हा प्रकार वाईट म्हणून हे झाले नाही. दिवसभर हलणारा एक आकडा आणि महिनोन्महिने न हलणारे वीस आकडे एकाच फाइलमध्ये बांधल्यामुळे, हलत्या आकड्याची जोखीम स्थिर आकड्यांच्याही गळ्यात पडली.

दुसरा दोष त्याहून मोठा होता. फाइल वाचता आली नाही तेव्हा सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही. त्याने प्रत्येक सेटिंगसाठी स्वतःजवळचे मूळ मूल्य घेतले: पोर्ट १, कडता शून्य, पावती क्रमांक १. पोर्ट चुकला की वजन दिसत नाही, म्हणून ती चूक मुलाने दोन मिनिटांत पकडून दुरुस्त केली आणि सगळे ठीक झाले असे समजून कामाला लागला. कडता आणि क्रमांक चुकले तरी पडद्यावर काहीच अडत नाही, म्हणून त्या चुका दुपारपर्यंत छापल्या जात राहिल्या. पावतीच्या टेबलमध्ये क्रमांक एकमेव असण्याची अट घातलेली नव्हती, त्यामुळे डेटाबेसनेही दुसऱ्यांदा आलेला ३७ मुकाट्याने स्वीकारला.

कोणते मार्ग होते

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे आयएनआय ठेवायची, पण लिहिण्याची पद्धत सुधारायची: नवा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचा, तो डिस्कवर उतरल्याची खात्री करायची आणि मगच तिला जुन्या फाइलच्या जागी आणायचे. ही पद्धत जुनी आणि चांगली आहे. सेटिंग्ज फक्त पोर्ट आणि प्रिंटरपुरत्या असत्या तर मी इथेच थांबलो असतो. विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग-साठ्याचा, म्हणजे रजिस्ट्रीचा, पर्याय लगेच बाद झाला, कारण संगणक बदलताना रजिस्ट्रीतून नेमके काय उचलायचे हे गावात कुणाला सांगत बसणार? वेगळा डेटाबेस सर्व्हर बसवण्याचीही सूचना आली. एका काट्यासाठी सतत चालू राहणारी आणखी एक सेवा, तिचा पासवर्ड आणि तिची देखभाल हा व्याप जिनिंगला झेपणारा नव्हता.

एसक्यूलाइट तिथे आधीपासूनच होते. हा डेटाबेस डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली पहिल्यांदा प्रसिद्ध केला आणि तो सार्वजनिक मालकीचा, म्हणजे कोणालाही विनापरवाना वापरता येणारा आहे. त्याला सर्व्हर नसतो. एक छोटी लायब्ररी सॉफ्टवेअरच्या आत बसते आणि सारी माहिती एका फाइलमध्ये राहते. त्याचे आजचे फाइलस्वरूप २००४ पासून चालत आले आहे आणि २०५० पर्यंत आधार देण्याचा निर्मात्यांचा जाहीर संकल्प आहे. दर हंगामाच्या पावत्या वर्षानुवर्षे सांभाळाव्या लागणाऱ्या धंद्यात ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. त्या संध्याकाळी पावत्या का वाचल्या याचे कारणही त्याच्या लिहिण्याच्या रीतीत आहे. बदलायच्या पानांची मूळ प्रत आधी शेजारच्या जर्नल फाइलमध्ये लिहून डिस्कवर पक्की केली जाते, मग मुख्य फाइलमध्ये बदल होतो, तोही पक्का केला जातो, आणि शेवटी जर्नल फाइल काढून टाकली जाते. ती निघाली की व्यवहार पूर्ण. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी उघडताना उरलेले जर्नल सापडते आणि त्यावरून मुख्य फाइल आधीच्या स्थितीत आणली जाते. पावती पूर्ण आहे किंवा नाहीच आहे. अर्धी कधीच नाही.

या रीतीला एक पथ्य आहे, आणि ते ऑफिसमध्ये सांगून ठेवावे लागले. डेटाबेसच्या शेजारी ‘जर्नल’ शेपटीची फाइल दिसली तर ती कचरा समजून पुसायची नाही. वीज गेल्यानंतर ती राहिली असेल तर दुरुस्तीचा सारा आधार तिच्यातच असतो, आणि ती पुसली तर डेटाबेस खराब होऊ शकतो.

सेटिंग्जची तीन गटांत वाटणी

सगळे आकडे उचलून एका टेबलमध्ये ‘नाव’ आणि ‘मूल्य’ अशा दोन स्तंभांत ओतणे सोपे होते. बहुतेक जण तेच करतात. परंतु मूळ गोंधळ असमान गोष्टी एकत्र ठेवल्याने झाला होता, आणि तोच गोंधळ फाइलमधून डेटाबेसमध्ये हलवण्यात अर्थ नव्हता. म्हणून प्रत्येक सेटिंगला दोन प्रश्न विचारले: ही बदलते तेव्हा कोण बदलते, आणि जुने मूल्य पुढे कधी लागते का?

पोर्ट, वेग, प्रिंटर, समास या यंत्राच्या गोष्टी आहेत. त्या काट्यावरचा मुलगा किंवा इंडिकेटरचा, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राचा, मेकॅनिक बदलतो आणि जुन्या मूल्याचे कुणाला काही पडलेले नसते. यांच्यासाठी नाव-मूल्याचे साधे टेबल पुरले. इथे एक खुलासा आवश्यक आहे. काट्याचे स्वतःचे कॅलिब्रेशन इंडिकेटरच्या आत असते, वैधमापनशास्त्र विभाग त्याची दरवर्षी पडताळणी करून मुद्रांकन करतो, आणि सॉफ्टवेअर त्याला हात लावू शकत नाही. गावात ‘सेटिंग बदलली’ म्हटले की लोकांच्या मनात प्रथम तीच शंका येते, म्हणून हे मालकांनाही नीट समजावून दिले.

‘पुढील पावती क्रमांक’ ही मुळात सेटिंगच नाही. शेवटच्या पावतीवरून ते निघते. तो आकडा सेटिंग्जमधून कायमचा काढला. आता पावती जतन करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे पूर्ण होणाऱ्या किंवा मुळीच न होणाऱ्या एका व्यवहारात), लिहिण्याचे कुलूप आधीच घेऊन, चालू हंगामातला सर्वांत मोठा क्रमांक पाहिला जातो आणि त्यात एक मिळवला जातो. हंगाम आणि क्रमांक यांची जोडी एकमेव असावी अशी अट टेबलवरच घातली आहे. कापूस वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू करण्यासाठी कुणाला काही करावे लागत नाही.

तिसरा गट दरांचा: भाव, कडता, हमाली. यांचे जुने मूल्य पुढे लागते, आणि वारंवार लागते. ऑफिसच्या मासिक अहवालात जिनिंगचा सरासरी भाव आणि हमीभाव शेजारी-शेजारी छापतात. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ साठी ७५२१ रुपये होता आणि २०२५-२६ साठी तो ८११० झाला. आयएनआयमध्ये ७५२१ खोडून ८११० लिहिले की मागल्या हंगामाचा अहवाल पुन्हा छापताना त्यात या हंगामाचा हमीभाव येतो आणि तुलना खोटी ठरते. म्हणून दरांच्या टेबलमध्ये जुनी ओळ बदलायची नाही, ‘या तारखेपासून, या वेळेपासून लागू’ असे नमूद करून नवी ओळ घालायची. बदलण्याचा किंवा पुसण्याचा प्रयत्न झाला तर ट्रिगर, म्हणजे डेटाबेसमध्येच बसवलेला नियम, तो नाकारतो. प्रत्येक पावतीत ती ज्या दराने झाली त्या ओळीचा क्रमांक साठतो. कडता कोणी आणि कधी बदलला, या प्रश्नावर संशय घेत बसण्याची गरज आता उरलेली नाही, कारण लॉगिनचे नाव ओळीवरच असते.

दरांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे, आणि मराठी कीबोर्ड वापरणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावा असे मला वाटते. एसक्यूलाइटमध्ये स्तंभाचा प्रकार बंधनकारक नसतो. संख्येच्या स्तंभात अक्षरे घातली तरी ते सहसा कुरकुर न करता ठेवून घेते. दिवाणजी मराठी कीबोर्डवर आकडे टाकतात, म्हणजे ‘12’ नव्हे तर ‘१२’. एसक्यूलाइटला देवनागरी अंक संख्या म्हणून कळत नाहीत. त्याच्या लेखी तो नुसता मजकूर असतो, आणि त्याचे संख्येत रूपांतर करायला सांगितले तर उत्तर शून्य येते. तुलनेतही घोटाळा होतो, कारण त्याच्या नियमाप्रमाणे कोणतीही संख्या कोणत्याही मजकुरापेक्षा लहान धरली जाते. मर्यादा मजकूर म्हणून साठली असेल, तर १३.५ टक्के आर्द्रता ‘१२’ च्या वर कधीच जात नाही आणि अहवालात एकही ओला कापूस सापडत नाही. वीज न जाताही कडता शून्य होण्याचा हा दुसरा रस्ता होता.

३.३७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ च्या अखेरीपासून, टेबल ‘स्ट्रिक्ट’ असे घोषित करता येते आणि मग चुकीच्या प्रकाराचे मूल्य नाकारले जाते. परंतु अशी टेबल असलेला डेटाबेस जुन्या आवृत्तीच्या लायब्ररीला उघडताच येत नाही, आणि ऑफिसमधल्या अहवालाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी लायब्ररी होती. म्हणून साधेच टेबल ठेवून कडत्याच्या स्तंभावर तपासणीची अट घातली: साठलेले मूल्य संख्याच असले पाहिजे आणि ते शून्य ते पाच यांच्या दरम्यान असले पाहिजे. देवनागरी अंकांचे रूपांतर भरतीच्या चौकटीतच सॉफ्टवेअर करते. दिवाणजींना सवय बदलायला लावणे हा पर्याय मी विचारातही घेतला नाही.

मूळ मूल्ये आणि रांग

सर्वांत जास्त वाद झाला तो सेटिंग सापडली नाही तर काय करायचे यावर. माझे म्हणणे होते की दराची ओळ सापडली नाही तर पावती निघूच नये. मॅनेजरांनी बाहेर बोट दाखवून विचारले, “साहेब, एवढ्या गाड्या उभ्या हायेत. काटा बंद ठेवला तर लोकं दुसऱ्या जिनिंगले जाईन, मंग काय करता?” प्रश्न रास्त होता. रात्रभर जागून आलेल्या माणसाला डेटाबेसची अडचण सांगून परत पाठवता येत नाही. शेवटी ठरले ते असे: यंत्राच्या सेटिंग्जना मूळ मूल्ये चालतील, कारण ती चुकली तर लगेच दिसते. दरांना मूळ मूल्य असणार नाही. दर सापडला नाही तर सॉफ्टवेअर वजन घेते, पण ‘कच्ची पावती’ छापते. तिच्यावर फक्त वजने असतात, भाव आणि कडता यांच्या जागी रेघ असते, आणि तिची क्रमांकमाला वेगळी असते. ऑफिसमध्ये दर ठरल्यावर तीच पावती पक्की होते. सेटिंग हरवणे एकवेळ निभावते. ती हरवल्याचे न कळता काम पुढे चालत राहणे निभावत नाही, आणि डेटाबेस आणला म्हणून हा दुसरा दोष आपोआप जात नाही. तो घालवण्यासाठी कोणत्या सेटिंगला मूळ मूल्य द्यायचे नाही हे माणसांनी बसून ठरवावे लागते.

दोन लॉगिन, दोन फाइली

आता त्या चकवणाऱ्या गोष्टीविषयी. सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचे, ३२ बिटचे होते आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरमध्येच आयएनआय लिहू पाहत होते. विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिण्याची परवानगी नसते. परंतु जुनी सॉफ्टवेअर बंद पडू नयेत म्हणून विंडोज असे लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ फोल्डरमध्ये वळवते. सॉफ्टवेअरला वाटते आपण मूळ जागीच लिहिले. परिणामी एकाच संगणकावर काट्यावरच्या मुलाची एक आयएनआय होती आणि दिवाणजींची दुसरी. मुलाची शून्यमय झाली, दिवाणजींची शाबूत राहिली. हे कळल्यावर मुलावरचा संशय फिटला आणि मालकांनी सर्वांसमोर तसे सांगितले.

सेटिंग्जची नवी टेबले ‘डी’ ड्राइव्हवरच्या पावत्यांच्याच फाइलमध्ये घेतली. वेगळी फाइल करावी असाही एक विचार होता, पण पावती आणि तिचा दर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसायचे तर एकच फाइल सरळ पडते. वेग वाढवण्यासाठी अनेक जण ‘वॉल’ पद्धत सुचवतात, जिच्यात नवे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात. तिच्यात जोडलेल्या दोन फाइलींवरचा व्यवहार प्रत्येक फाइलपुरता अखंड राहतो, दोन्ही मिळून अखंड राहीलच असे नाही. शिवाय शेजारी आणखी दोन फाइली येतात आणि पेनड्राइव्हवर नक्कल करणारा माणूस त्यातली एखादी हमखास विसरतो. एका गाडीला काट्यावर दोन-चार मिनिटे लागतात, तिथे काही मिलिसेकंद वाचवून मिळवायचे काय? मूळची जर्नल पद्धत आणि डिस्कवर पक्के करण्याची पूर्ण काळजी, म्हणजे ‘सिंक्रोनस फुल’, हेच कायम ठेवले.

एक गोष्ट मात्र डेटाबेसमध्ये ठेवता येत नाही, आणि ती म्हणजे डेटाबेस कुठे आहे याचा पत्ता. तेवढ्यासाठी एका ओळीची साधी फाइल राहिली आहे. ती सॉफ्टवेअर कधीच लिहीत नाही, फक्त वाचते. एसएमएस पाठवण्याच्या सेवेची किल्लीही डेटाबेसमध्ये घेतली नाही, कारण एसक्यूलाइटची फाइल मुळात कुलूपबंद नसते आणि ती पेनड्राइव्हवर फिरते. किल्ली विंडोजच्या क्रेडेन्शियल व्यवस्थापकात ठेवली.

हस्तांतर सोपे होते. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की ती डेटाबेसमधला ‘यूझर व्हर्जन’ हा आकडा पाहते. तो जुना असेल तर टेबल तयार करणे, आयएनआयमधील मूल्ये तपासून घेणे आणि तो आकडा वाढवणे हे सारे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होते, त्यामुळे मध्येच लाईन गेली तरी अर्धवट हस्तांतर उरत नाही. दुहेरी क्रमांकाच्या पावत्यांना आधी जोडक्रमांक द्यावे लागले, नाहीतर एकमेवपणाची अट लागूच होत नव्हती. ते काम दिवाणजींनी कागदाशी पडताळून स्वतः केले.

ऑफिसच्या संगणकावरून नेटवर्कच्या सामायिक फोल्डरमधून थेट हाच डेटाबेस उघडता यावा, अशीही मागणी होती. ती मान्य केली नाही. एसक्यूलाइट दोन जणांनी एकाच वेळी लिहू नये यासाठी फाइलप्रणालीच्या कुलपांवर विसंबते, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरांमध्ये ही कुलपे नीट पाळली जातातच असे नाही. त्याचे निर्मातेही या वापराविरुद्ध स्पष्ट बजावतात. त्याऐवजी दर संध्याकाळी काटा बंद करताना ‘व्हॅक्यूम इंटू’ या आज्ञेने डेटाबेसची एक आटोपशीर, सुसंगत नक्कल सामायिक फोल्डरमध्ये तयार होते. ऑफिस तीच वाचते आणि पेनड्राइव्हवरही तीच जाते. सोबत सर्व सेटिंग्जची एक वाचनीय मजकूर फाइल निघते, कारण इंडिकेटरच्या मेकॅनिकला नोटपॅडमध्ये पोर्ट आणि वेग पाहण्याची सवय आहे. तिच्यात काही बदलले तरी परिणाम होत नाही, असे तिच्या पहिल्याच ओळीत लिहिले आहे.

घड्याळाचा प्रश्न

दर तारखेनुसार लागू करण्याच्या रचनेतून एक नवी जोखीम आली, आणि ती चाचणीत उघडी पडली. छपाई चालू असताना मेन स्विच पाडून पाहिला. डेटाबेस शाबूत होता, पावती एकतर पूर्ण होती किंवा नव्हती, अपेक्षेप्रमाणेच. पण संगणक सुरू झाला तो कित्येक वर्षांपूर्वीची तारीख घेऊन. मदरबोर्डवरचा सेल संपला होता, आणि यूपीएसशिवाय वीज गेली की घड्याळ मागे जात होते. त्या तारखेला दराची एकही ओळ लागू नव्हती, म्हणून कच्ची पावती निघाली. हे तरी बरे झाले. घड्याळ वर्षभरच मागे गेले असते तर मागल्या हंगामाचा दर सापडला असता आणि पावती बिनबोभाट, पण चुकीची निघाली असती.

त्यामुळे आता सॉफ्टवेअर सुरू होताना शेवटच्या पावतीची वेळ पाहते. संगणकाचे घड्याळ तिच्या मागे असेल, किंवा पुढे असूनही अंतर पंधरा दिवसांपेक्षा जास्त असेल, तर तारीख आणि वेळ माणसाकडून कबूल करून घेतल्याशिवाय पक्की पावती निघत नाही. पंधरा दिवसांची मर्यादा ही यंत्राची सेटिंग असावी की दरांसारखी तारीखवार ओळ असावी, यावर दिवाणजी आणि मी अजून एकमत झालेलो नाही. तूर्त ती यंत्राच्या टेबलमध्ये आहे, मदरबोर्डवर नवा सेल बसला आहे आणि यूपीएसला नवी बॅटरी लावण्याचे मालकांनी मान्य केले आहे.